आफ्टरशॉक म्हणे! मग कमी का होत नाहीत?

पत्र: आमचं घर भूमिगत खाणीच्या हद्दीला अगदी लागून आहे आणि मिस्टर त्याच खाणीत शिफ्टला जातात. अडीच महिन्यांपूर्वी संध्याकाळी जोराचा धक्का बसला. मांडणीवरची भांडी खाली आली, सगळी गल्ली बाहेर पळाली. तेव्हापासून रोज एक-दोन, कधी चार-पाच लहान धक्के बसतात. अडीच महिने झाले, तरी आहेत तेवढेच आहेत. खाणीचे साहेब म्हणतात, 'मोठ्या धक्क्यानंतरचे आफ्टरशॉक आहेत, आपोआप थांबतील.' सासरे म्हणतात, 'ब्लास्टिंग आहे, आयुष्यभर ऐकतोय.' मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तडा गेलाय, वर रुंद आणि खाली बारीक. मागचं दारही हल्ली अडकतं. नऊ वर्षांची मुलगी रात्री दचकून उठते, मी तिला 'ट्रक गेला' म्हणून सांगते. मिस्टरांकडे विषय काढला की ते चिडतात. कोयनेसारखा मोठा भूकंप येईल का? घर सोडावं का? नाव छापू नये.

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: 'आहेत तेवढेच आहेत.' साहेब म्हणतात तसे ते आफ्टरशॉक असते, तर अडीच महिन्यांनी तेवढेच राहिले नसते.

आफ्टरशॉकला एक वळण असतं आणि ते चांगलं ठाऊक आहे. जपानचे फुसाकिची ओमोरी यांनी 1894 मध्येच दाखवून दिलं की मुख्य धक्क्यानंतरचे धक्के दिवसांच्या प्रमाणात विरळ होत जातात. ढोबळ हिशेब असा: पहिल्या दिवशी शंभर बसले, तर दहाव्या दिवशी दहाच्या आसपास आणि शंभराव्या दिवशी जेमतेम एखादा. शेपूट लांब असतं, पण बारीक होत जातं. त्यातला सगळ्यात मोठा आफ्टरशॉकही साधारणपणे मुख्य धक्क्यापेक्षा एका अंकाहून थोडा जास्तच लहान असतो. तीव्रतेच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे ऊर्जेत सुमारे 32 पट फरक.

खाणीतल्या खडकालाही हाच नियम लागू होतो. ब्लास्टिंग झालं किंवा एखादा मोठा धक्का बसला की आजूबाजूचा खडक किरकोळ तडतडत राहतो आणि मग शांत होतो. ज्या खोल खाणींमध्ये खाली भूकंपमापकांचं जाळं बसवलेलं असतं, तिथे ही तडतड नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत माणसांना त्या भागात सोडत नाहीत. आणि हा हिशेब बहुतेक वेळा तासांचा असतो, महिन्यांचा नव्हे.

मग तुमच्याकडचे धक्के कमी का होत नाहीत? कारण खालचं काम थांबलेलं नाही. आज एक भाग कापला की त्या भागावरचा भार शेजारी सरकतो आणि खडक नव्याने जुळवून घेतो. उद्या पुन्हा कापलं की पुन्हा तेच. म्हणजे तुम्हाला रोज जाणवतात त्यातले बरेचसे धक्के त्या संध्याकाळचं उरलंसुरलं नसून कालच्या आणि आजच्या कामाचे असावेत. साहेब मुद्दाम खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. 'आफ्टरशॉक' हे उत्तर देणाऱ्याच्या सोयीचं आहे, एवढंच. त्यात काही करायचं नसतं, नुसती वाट पाहायची असते.

हा फरक शब्दांचा नाही, जिवाचा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रुक कोळसा खाणीत 28 डिसेंबर 1959 ला एक भाग कोसळला. काम चालूच राहिलं. 21 जानेवारी 1960 ला छत पेलायला न कापता ठेवलेले कोळशाचे शेकडो खांब एकापाठोपाठ एक बसले आणि 435 माणसं खाली गाडली गेली. डिसेंबरची पडझड ही इशारा होती. ती 'होऊन गेलेली गोष्ट' म्हणून सोडून दिली होती.

खांब असे एकापाठोपाठ का बसतात, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. तीनशे मीटर खोलीवर एका चौरस मीटरवर वरच्या खडकाचं साधारण साडेसातशे टन वजन असतं. खाणकाम करताना समजा साठ टक्के माल काढून घेतला आणि चाळीस टक्के खांबांच्या रूपात ठेवला, तर सगळं वजन त्या चाळीस टक्क्यांवर येतं, म्हणजे प्रत्येक खांबावर अडीच पट. एक खांब चुरडला की त्याचा वाटा शेजाऱ्यांवर जातो. ते आधीच काठावर असतील तर तेही जातात. जर्मनीतल्या फोल्कर्सहाउझेन गावाखाली पोटॅशच्या खाणीत 13 मार्च 1989 ला हेच झालं. सुमारे 3200 खांब काही सेकंदांत कोसळले आणि जगभरच्या यंत्रांवर 5.6 तीव्रतेचा भूकंप उमटला. वरच्या गावातल्या बहुतेक इमारतींना मार बसला. जीव कोणाचा गेला नाही, हे नशीब.

प्रत्येक धक्का खांब मोडल्याचाच असतो असं मात्र नाही. लाँगवॉल पद्धतीत, म्हणजे खांब न ठेवता कोळशाची लांब भिंत सलग कापत जातात तिथे, कोळसा काढून झाल्यावर मागची पोकळी मुद्दामच कोसळू देतात. ते छत वेळच्या वेळी थोडंथोडं पडत राहिलं तर चांगलंच. ते लटकून राहिलं आणि मग एकदम बसलं, तर वर दणका जाणवतो. तिसरा प्रकार म्हणजे खडकात आधीपासून असलेली भेग, म्हणजे फॉल्ट, खाणकामामुळे मोकळी होऊन सरकणं. मोठे धक्के बऱ्याचदा या तिसऱ्या प्रकारातले असतात आणि ते कामाच्या जागेपासून काही अंतरावरही होऊ शकतात.

आता सासऱ्यांचं म्हणणं. तेही अगदीच चुकीचं नाही. वर्षानुवर्षं त्यांनी जे ऐकलं त्यातलं पुष्कळसं ब्लास्टिंग असणारच. पण ब्लास्टिंगला घड्याळ असतं. स्वीडनमधल्या किरुना गावात लोहखाणीचे स्फोट रोज मध्यरात्रीनंतर ठरलेल्या वेळी होतात आणि गावकरी ते कूस न बदलता ऐकतात. तिथेच 18 मे 2020 ला पहाटे तीननंतर जो धक्का बसला, त्याने सगळं गाव जागं झालं. 4.9 तीव्रता नोंदली गेली, खाणीचं बरंच नुकसान झालं, आणि त्यानंतर मात्र खऱ्याखुऱ्या आफ्टरशॉकची रांग लागली. स्फोट काही सेकंदांत संपतो आणि खिडकीची तावदानं थरथरवतो. खडकाचा धक्का वेळ पाळत नाही. आधी पायाखालून दणका येतो, मग कधी कधी टांगलेला दिवा हलत राहतो. तरी स्फोटानंतरच्या काही तासांत असे धक्के वाढतात आणि सुट्टीच्या दिवशी कमी होतात. म्हणूनच सासऱ्यांना दोन्ही एकच वाटतात.

तेव्हा पहिलं काम: वही घाला. भिंतीवरच्या घड्याळाखाली टांगून ठेवा. वेळ मिनिटापर्यंत लिहा, सेकंद किती वाटले ते लिहा, आवाज आधी आला की बरोबर आला, काय हललं, काय पडलं. खाणीच्या ऑफिसकडून ब्लास्टिंगच्या वेळा मागून घ्या, त्या गुप्त नसतात. पंधरा-वीस दिवसांनी दोन्ही शेजारी ठेवा. वेळेवर बसणारे धक्के वेगळे काढा. उरलेले आठवड्यागणिक मोजा. कमी होत असतील तर साहेबांचं बरोबर आणि मीच पहिला ते छापेन. तेवढेच असतील तर ते कामासोबत चालले आहेत. वाढत असतील किंवा मोठे होत असतील, तर त्याच दिवशी लेखी कळवायची गोष्ट आहे. गल्लीतल्या आणखी दोन-तीन घरांनी वेगवेगळ्या वह्या ठेवल्या तर फार बरं, कारण एका बाईची वही 'भीती' म्हणून बाजूला टाकता येते, चार घरांची टाकता येत नाही.

हे काम मुलीला द्या. 'ट्रक गेला' हे तिला पटत नसणारच, नऊ वर्षांची आहे ती. जमिनीखाली खाण आहे, खडक हलतो तेव्हा घर हलतं, हे सरळ सांगा. धक्का बसला की टेबलाखाली जायचं, टेबलाचा पाय धरायचा, थांबलं की घड्याळ बघून वेळ सांगायची. तिच्या पलंगाच्या वरची फळी आजच रिकामी करा आणि कपाट भिंतीला आवळून टाका. घरातल्या जखमा बहुतेक अशाच वस्तूंनी होतात. मोठा धक्का बसलाच तर उजेड करण्याआधी गॅस बंद करा आणि वास घ्या. खाणीवरच्या भागात जमिनीच्या भेगांतून खालचा वायूही वर येऊ शकतो, म्हणून काडी ओढायची नाही.

कोयनेचं विचारलंत. 1967 चा तो भूकंप जलाशयाच्या पाण्याशी जोडला जातो. तिथे मोठ्या, खोल फॉल्टवर आधीपासूनच ताण साठलेला होता. खाणीच्या पोकळ्या कोसळून होणारे भूकंप सहसा त्या आकाराला पोचत नाहीत, कारण त्यात भाग घेणारा खडकच मर्यादित असतो. फोल्कर्सहाउझेनचा 5.6 हा अशा भूकंपांत अगदी वरच्या टोकाचा. पण हे ऐकून फार निवांत होऊ नका. नेहमीचा भूकंप दहा-पंधरा किलोमीटर खोल होतो, खाणीतला बहुधा त्याहून कितीतरी वर. त्यामुळे दूरच्या शहरात कोणाच्या लक्षातही येणार नाही असा 3 तीव्रतेचा धक्का तुमच्या गल्लीत भांडी पाडतो. टीव्हीवर 'सौम्य धक्का' ऐकून स्वतःला वेडं समजू नका.

आता तुमच्या पत्रातली मला जास्त खटकलेली गोष्ट, जी तुम्ही मध्येच लिहून गेलात: तडा वर रुंद, खाली बारीक, आणि दार अडकतं. हादऱ्याने पडणारे तडे बहुधा दारा-खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपे निघतात, कधी एकमेकांना छेदतात, पण त्यांची रुंदी साधारण सारखी असते आणि दारं सहसा अडकत नाहीत. एका टोकाला रुंद होत जाणारा तडा आणि चौकटीत अडकणारं दार यांवरून घराचा एक कोपरा हळूहळू खाली बसतोय अशी शंका येते. म्हणजे धक्क्यांइतकंच जमीन खचण्याचंही बघायला हवं. आणि 'हद्दीला लागून' म्हणजे हद्दीबाहेर, म्हणून सुरक्षित, असं नसतं. खाली पोकळी बसली की वरचा खळगा तिच्यापेक्षा मोठा पसरतो. काही ठिकाणी तो खोलीच्या निम्म्याहून जास्त अंतर बाहेर जातो, आणि त्याच्या कडेलाच जमीन ताणली जाते. तडे तिथेच जास्त पडतात.

हे तपासायला खर्च नाही. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख टाका. मधोमध रंग खरवडून प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर रुंद पट्टा तड्यावर आडवा ओढा, त्यावरही तारीख. पट्टा तडकला की तडा जिवंत आहे. शेजारी मोजपट्टी धरून दर आठवड्याला त्याच जागेवरून फोटो काढा. मागच्या खोलीत फरशीवर गोटी ठेवून बघा, दर वेळी एकाच बाजूला पळते का. नळाची पाइप सांध्यावर गळायला लागली, विहिरीचं पाणी अचानक उतरलं, अंगणात लांब सरळ भेग दिसली, तर तेही वहीत. नुकसानभरपाईची वेळ आली तर हे तारखेचे फोटोच उपयोगी पडतील. धक्का बसण्याआधीचे फोटो कोणाकडेच नसतात, म्हणून आज न तडकलेल्या भिंतींचेही काढून ठेवा.

आता मिस्टर. ते चिडतात याचं मला नवल वाटत नाही. रोज खाली उतरणाऱ्या माणसाला घरात हा विषय नको असतो, नाहीतर उतरणंच अवघड होईल. शिवाय तुम्ही विचारता ते 'काम सोडता का' अशा सुरात ऐकू जात असणार. तसं विचारू नका. दोन-तीन साध्या, कामाच्या गोष्टी विचारा, ज्यांची उत्तरं त्यांना ठाऊक आहेत. त्या संध्याकाळनंतर खांब लहान केलेत का, की जुने खांबच काढायला घेतलेत? छत आणि जमीन एकमेकांकडे किती सरकतायत, ते मोजतं का कोणी? धक्का बसल्यावर किती वेळाने परत आत पाठवतात? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेत युटामधल्या क्रँडल कॅन्यन खाणीत 6 ऑगस्ट 2007 ला खांब कोसळून सहा जण आत अडकले. 'भूकंप झाला म्हणून खाण कोसळली' असं खाणीच्या बाजूने ठासून सांगितलं गेलं. भूकंपतज्ज्ञांनी लाटा वाचल्या, तर चहूकडच्या यंत्रांवर पहिली ओढ आतल्या बाजूला होती, म्हणजे पोकळी मिटली होती. खाण कोसळली हाच 3.9 तीव्रतेचा भूकंप होता. मग सुटकेसाठी लोक आत गेले आणि दहा दिवसांनी, 16 ऑगस्टला, खडक पुन्हा फुटला. त्यात सुटकेला गेलेले तिघे मेले. अडकलेले सहा जण सापडलेच नाहीत.

खाली काम करणारे अनुभवी लोक छताची कडकड, खांबाच्या कडेने उडणाऱ्या कपच्या, आधारांचं करकरणं ओळखतात, आणि त्यावर त्यांचा विश्वास यंत्रापेक्षाही जास्त असतो. तो ठेवावाच. गंभीर धोका दिसला तर कामगाराने जागा सोडून बाहेर यावं, हा हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1995 च्या खाणसुरक्षा कराराच्या 13 व्या कलमात लिहिलेला आहे. तुमच्या देशाने तो करार स्वीकारला असो वा नसो, युनियनच्या माणसाने बोलताना आधार म्हणून तो हाताशी ठेवावा. एकट्या मिस्टरांनी साहेबांशी वाद घालावा असं मी सुचवत नाही. त्यांनी तुमची वही युनियनच्या मीटिंगमध्ये नेली, तर ते जास्त चालेल.

गल्लीच्या वतीने खाणीला एक पत्र द्या, पोच घ्या. भीती वाटते, झोप लागत नाही वगैरे त्यात लिहू नका. खरं असलं तरी त्याचं उत्तर 'काळजी करू नका' एवढंच येतं. मागायच्या गोष्टी लिहा: सध्याचं काम आमच्या घरांच्या कोणत्या बाजूला, किती खोल आणि किती अंतरावर आहे त्याचा नकाशा, त्या संध्याकाळच्या धक्क्याची जागा, खोली आणि तीव्रता, तेव्हापासूनच्या धक्क्यांची तारीखवार यादी, जवळपास फॉल्ट आहे का आणि काम त्याच्या दिशेने सरकतंय का, जमिनीची पातळी मोजणारे खुंटे कुठे आहेत आणि शेवटचं मोजमाप केव्हाचं. यादीच ठेवत नसतील तर तेही उत्तरच आहे. एक प्रत खाणसुरक्षेच्या सरकारी खात्याला. लोकांनी नेटाने मागितलं की गोष्टी हलतात. जर्मनीतल्या झारलंडमध्ये 23 फेब्रुवारी 2008 ला 4.0 चा खाणभूकंप झाला, चर्चच्या मनोऱ्यावरून दगड पडले, लोक रस्त्यावर आले. त्या भागातलं काम लगेच थांबवलं आणि 2012 मध्ये तिथली कोळशाची खाणच कायमची बंद झाली.

खाण बंद झाली की धक्के बंद, असं मात्र समजू नका. पंप थांबले की पोकळ्यांत पाणी चढतं आणि भेगा पाण्याच्या दाबाने मोकळ्या होतात. फ्रान्समधल्या गार्दानच्या बंद कोळसा खाणीत आणि जोहान्सबर्गच्या जुन्या सोन्याच्या खाणींत पाणी भरताना असे धक्के नोंदले गेले आहेत.

घर सोडायचं का? आजच्या आज सगळं घर नाही. मागची खोली मात्र आजच सोडा. कोणी झोपायचं नाही, आणि त्या भिंतीला टेकून काही ठेवायचं नाही. प्लास्टरचा पट्टा पंधरा दिवसांत तडकला, दार दिवसेंदिवस जास्त अडकू लागलं किंवा तड्यातून पलीकडचा उजेड दिसला, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय त्या घरात राहू नका, मग धक्के कितीही लहान असोत. उलट धक्के चालू आहेत, पण पट्टा शाबूत आहे आणि गोटी जागची हलत नाही, असं असेल तर घर सध्या बसत नाहीये, आणि घर सोडण्याची घाई करण्याऐवजी खाणीकडून नकाशा काढून घेण्यात जोर लावा. नकाशा मिळाला की त्यावर घराची जागा खूण करून, वहीच्या पानांसोबत मला पाठवा. कामाचा पुढचा टप्पा तुमच्याकडे येतोय की तुमच्यापासून लांब जातोय, हे त्यावरून सांगता येईल.